'बाबेट्स फीस्ट' घरी कसा दाखवावा आणि नंतरची पंगत कशी मांडावी

गाब्रिएल आक्सेल यांनी दिग्दर्शित केलेला 'बाबेट्स फीस्ट' हा १९८७ सालचा डॅनिश चित्रपट एकट्याने मोबाइलवर पाहण्याऐवजी घरी दहा-बारा माणसे बोलावून पाहावा आणि तो संपताच सर्वांनी एका पंगतीत जेवावे, असे माझे ठाम मत आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध जवळजवळ एकाच जेवणाने व्यापलेला आहे. ते पाहून उठलेल्या पाहुण्यांपुढे बाहेरून मागवलेले डबे उघडणे मला पटत नाही. त्यांच्यासाठी घरात कोणीतरी मन लावून रांधलेले असावे.

नागपुरात यासाठी डिसेंबरसारखा महिना नाही. चित्रपटातील मेजवानीही डिसेंबरातच होते, आणि आपल्याकडे त्या वेळी थंडी पडलेली असते, बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा, कोवळी कोथिंबीर आणि संत्री आलेली असतात. चित्रपट पावणेदोन तासांहून किंचित कमी आहे. साडेपाचला सुरू केल्यास साडेसातपर्यंत पाने मांडता येतात.

सुरुवातीला पाच मिनिटे मराठीत पार्श्वभूमी सांगावी. डेन्मार्कमधील जटलंड या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा वस्तीत मार्टिना आणि फिलिपा या दोन बहिणी आपल्या दिवंगत धर्मोपदेशक वडिलांचा छोटा पंथ सांभाळत असतात आणि गोरगरिबांना रोज जेवण पोहोचवतात. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा, म्हणजे पॅरिसमधील बंडखोर नागरी सत्तेचा, उठाव चिरडला गेल्यानंतर बाबेट ही फ्रेंच स्त्री त्यांच्या दारी आश्रयाला येते आणि विनावेतन स्वयंपाक करू लागते. एवढे पुरे आहे. शेवट मात्र कोणी विचारला तरी सांगू नये. चित्रपटात डॅनिश, स्वीडिश आणि फ्रेंच या तीन भाषा आहेत, त्यामुळे इंग्रजी उपशीर्षके वाचणे ज्यांना जड जाते अशा ज्येष्ठांशेजारी हळू आवाजात अर्थ सांगणारे एखादे माणूस बसवावे. बहिणींच्या तरुणपणाचा सुरुवातीचा भाग संथ वाटला तरी तो पुढे ढकलू नये. त्यात भेटणारा फ्रेंच गायकच पुढे बाबेटला त्यांच्याकडे पाठवतो आणि त्यात दिसणारा स्वीडिश अधिकारी म्हातारपणी जनरल होऊन मेजवानीला येतो. स्वयंपाकासाठी आणलेले जिवंत कासव आणि लावे पडद्यावर दिसतात, याची शाकाहारी पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी.

जेवणात बाबेटच्या पदार्थांची नक्कल करण्याचा मोह टाळावा. मेजवानीत तिने त्या पंथाच्या लोकांना आपल्या हातचे सर्वोत्तम वाढले, तसे आपणही आपल्या हातचे वाढावे. बहिणी तिला प्रथम पाव आणि बिअर शिजवून केलेले साधे पातळ अन्न शिकवतात, आणि तेच तिच्या हातून अधिक चवदार होते. म्हणून आपल्या पंगतीचा आरंभ ज्वारीच्या कण्या आणि ताकाने करावा. कण्या सकाळी भिजवाव्यात, मऊ शिजवाव्यात आणि मीठ चाखूनच घालावे, कारण साध्या पदार्थात चूक लपत नाही.

त्यानंतर पाटवडी-रस्सा. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खसखस वाटून केलेला रस्सा सकाळीच करून ठेवला तर संध्याकाळपर्यंत मुरतो. वड्याही थापून ठेवता येतात, परंतु त्या वाढतानाच रश्श्यात सोडाव्यात, नाहीतर विरघळू लागतात. सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचे, सारण आधी तयार ठेवून तळणी चित्रपट संपल्यावरच करावी. शेवटी गोळाभात. त्यासाठी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, पाणी न घालता भरड वाटून, आले, तिखट, हळद, हिंग आणि मीठ कालवून गोळे करावेत आणि भात अर्धवट शिजल्यावर त्यात अलगद ठेवून झाकण घट्ट लावावे. वरून घालायची मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची फोडणी पानावर भात पडल्यानंतरच गरम करावी. तेल थंड झाले की गोळाभाताचा जीव जातो. पेयासाठी मठ्ठा किंवा ताज्या संत्र्यांचा रस ठेवावा. मेजवानीतील एक वृद्धा शॅम्पेनला लिंबाचे पेय समजते, त्या प्रसंगाची आठवण तेव्हा कोणीतरी काढतेच.

मेजवानीच्या रात्री जनरलचा गाडीवान स्वयंपाकघरात बसलेला असतो आणि बाबेट त्यालाही प्रेमाने खाऊ-पिऊ घालते. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून पाहुण्यांना घेऊन आलेला चालक, इमारतीचा पहारेकरी आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी यांची पाने मूळ हिशेबातच धरावीत आणि त्यांना पंगतीच्या वेळीच, तेच पदार्थ, तितकेच गरम वाढावेत. आजारपणामुळे येऊ न शकलेल्या शेजाऱ्याचा डबाही पाने मांडण्यापूर्वी भरून पाठवावा.

जेवताना चर्चासत्र भरवू नये. बोलणे आपोआप निघते, आणि कोणीतरी कॅफे आंग्लेबद्दल विचारतोच. ते पॅरिसमधील खरोखरचे नामांकित भोजनगृह होते आणि १९१३ मध्ये बंद झाले. त्याची प्रमुख आचारी असलेली बाबेट मात्र मूळ कथेच्या लेखिका कारेन ब्लिक्सेन यांच्या कल्पनेतली आहे. हे बोलणे चालू असतानाच आतून कॉफी आणावी, आणि जिने किंवा ज्याने स्वयंपाक केला त्या माणसाला त्या वेळी बाहेर आणून बसवावे. कॉफी दुसऱ्या कोणीतरी गाळावी.