दूरचा संगणक हाताळताना: समोरचा मेनू नेमका कोणाचा?

तांत्रिक साहाय्याच्या कामावर मी रुजू झालो तेव्हा दूरचा संगणक हाताळणे म्हणजे आपल्या पडद्यात दिसणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर माऊस फिरवणे, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात तिकडचा अडकलेला प्रोग्रॅम बंद करण्यासाठी मी कंट्रोल-अल्ट-डिलीट दाबले, आणि लॉक, साइन आउट, टास्क मॅनेजर हे पर्याय उघडले ते माझ्याच संगणकावर.

हे का घडते, ते समजून घेणे उपयोगाचे आहे. काही कळा आपल्या संगणकाची प्रणाली स्वतःच अडवून घेते आणि त्या पलीकडे पोहोचतच नाहीत. म्हणून जोडणीच्या प्रोग्रॅमला त्यांच्यासाठी स्वतःचा मेनू किंवा पर्यायी कळा द्याव्या लागतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये कंट्रोल-अल्ट-एंड दाबले की तिकडे कंट्रोल-अल्ट-डिलीट पोहोचते, तर टायगरव्हीएनसी या जोडणीच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये त्याच्या स्वतःच्या छोट्या मेनूतून ते पाठवता येते. विंडोज कळीचेही तसेच आहे: रिमोट डेस्कटॉपच्या मूळ मांडणीत ती पूर्ण पडदा व्यापलेला असतानाच पलीकडे जाते, एरवी तिकडचा स्टार्ट मेनू अल्ट-होमने उघडावा लागतो.

म्हणजे एकाच वेळी तीन थरांचे मेनू आपल्यासमोर असतात: आपल्या संगणकाचे, जोडणीच्या प्रोग्रॅमचे आणि दूरच्या संगणकाचे. नवख्या माणसाच्या बहुतेक चुका मला तरी या थरांच्या गल्लतीतूनच होताना दिसल्या आहेत. मी सांभाळत असलेल्या प्रत्येक दूरच्या संगणकाची पार्श्वभूमी भडक रंगाची करून ठेवतो. सहकारी हसतात, पण घाईच्या वेळी तो रंगच हात आवरतो.

थर बरोबर ओळखूनही घात होतो, हे मी पुढे स्वतःच्या हाताने सिद्ध केले. तिकडच्या नेटवर्क अडॅप्टरवर, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागावर, माऊसची उजवी कळ दाबून मी ‘डिसेबल’ निवडले. लगेच ‘एनेबल’ करायचा बेत होता, परंतु ज्या तारेवरून मी आत गेलो होतो तीच मी कापली होती, आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी खुर्चीत येऊन बसेपर्यंत काहीही करता येणार नव्हते. आता नेटवर्कशी निगडित कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी मी तिकडच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, दहा मिनिटांनी मूळ स्थिती परत आणणारी आज्ञा लावून ठेवतो आणि बदल सुरळीत झाला तर ती रद्द करतो. बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे या दोन पर्यायांबाबतही तेवढेच सावध असावे: पुन्हा सुरू झालेला संगणक सहसा परत भेटतो, बंद केलेला मात्र दूरवरून चालू करण्याची सोय आधी केलेली नसेल तर भेटत नाही.

जोडणी मंद असली की उपमेनू हाताशी येईपर्यंत मिटून जातात, कारण माऊसची हालचाल तिकडे पोहोचून बदललेले चित्र परत येईपर्यंत आपण पुढे सरकलेलो असतो. अशा वेळी माऊस सोडावा. अल्टने मेनूपट्टी, बाणांनी पर्याय आणि शिफ्ट-एफ१० ने उजव्या कळीचा मेनू उघडतो. चित्र उशिरा आले तरी कळांचा क्रम चुकत नाही.

काही साहाय्य-प्रोग्रॅममध्ये प्रशासकाची परवानगी विचारणारी चौकट आली की आपल्याकडे पडदा काळा होतो. विंडोज ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवते आणि पुरेसे अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही, त्यामुळे जोडणी तुटली असे समजून घाईने ती बंद करू नये. पलीकडच्या व्यक्तीला ‘होय’ दाबायला सांगावे.

निघतानाची गोष्टही थराचीच आहे. रिमोट डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीवरील फुली दाबली की केवळ जोडणी सुटते, तिकडचे प्रोग्रॅम चालूच राहतात. रात्रभर चालणाऱ्या कामासाठी ते हवेच असते. काम खरोखर संपले असेल तर तिकडच्या स्टार्ट मेनूतून साइन आउट करावे, नाहीतर आपली उघडी फाइल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी अडवते.