पर्यटन पदवीतील इव्हेंट मॅनेजमेंट: खान्देशातल्या विद्यार्थ्याने अभ्यास कसा करावा

पर्यटनाच्या पदवीत इव्हेंट मॅनेजमेंट हा विषय बहुधा एखाद्या सत्रातला एक पेपर म्हणून येतो, आणि तो निवडणारे पुष्कळ विद्यार्थी मंच, प्रकाशयोजना, सूत्रसंचालन आणि लग्नसोहळे एवढेच डोळ्यांपुढे ठेवतात. ते काम हलके नव्हे. परंतु ते शिकायला विद्यापीठात जावे लागत नाही, जाणत्या मंडपवाल्याच्या हाताखाली एक लग्नसराई काढली तरी पुरते. पर्यटनाच्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: या सोहळ्यासाठी बाहेरगावाहून कोण आले, कसे आले, कुठे राहिले, त्यांचा पैसा कोणाच्या हाती गेला आणि गावाला ती गर्दी पेलवली का? वर्षभराची आखणी याच प्रश्नाभोवती करावी.

प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळवून त्यातील श्रेयांकांची (क्रेडिट्सची) विभागणी पाहावी. सर्वसाधारणपणे तासिकांच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. त्यामुळे चार श्रेयांकांचा पेपर सगळाच वर्गात बसून व्हायचा आहे की निम्मा मैदानावर, हे त्या एका तक्त्यावरून कळते. क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण वेगळे असेल, तर तेही याच विषयाला जोडता येतील का, हे विभागप्रमुखांना आधीच विचारून घ्यावे.

प्रात्यक्षिकासाठी मुंबई-पुण्याकडे पाहण्याची गरज नाही. कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीराम रथोत्सव, मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगरची यात्रा, फाल्गुनात सातपुड्यातल्या होळ्या आणि वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा, असा क्रम आहे. यांपैकी एकच निवडावी आणि तीही सत्र सुरू होतानाच, कारण सारंगखेड्याची तारीख हिवाळी परीक्षांच्या आसपास येऊ शकते.

सारंगखेडा हे उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे मंदिर आहे आणि यात्रेतला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. जवळचे रेल्वेस्थानक दोंडाईचा. विद्यार्थ्याने यात्रा भरण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन मोकळ्या जागेचा नकाशा स्वतःच्या हाताने काढावा: वाहने कुठे थांबणार, घोडे कुठे बांधले जाणार, पाणी आणि शौचालये कुठे, दर्शनाची रांग कोठून वळणार, रुग्णवाहिका आत कशी शिरणार. यात्रेच्या गर्दीत तोच नकाशा घेऊन प्रत्यक्षात काय बदलले ते त्यावर नोंदवावे. हा दुसरा नकाशा अहवालाचा गाभा ठरतो, कारण नियोजन कागदावर कसे होते यापेक्षा लोकांनी ते कुठे मोडले यातून अधिक शिकायला मिळते.

मुलाखती घेताना भाविक, घोडेव्यापारी, केवळ पाहायला आलेले पर्यटक आणि पाल ठोकून बसलेले दुकानदार यांना वेगवेगळे मोजावे. प्रश्न मोजके असावेत आणि जमेल तेथे अहिराणीत विचारावेत. छापील प्रश्नावली समोर धरली की माणूस सरकारी सर्वेक्षण समजून आखडतो.

यापुढचा भाग बहुतेक अहवालांत चुकतो. घोडेबाजाराची उलाढाल वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येते आणि विद्यार्थी तोच आकडा यात्रेचा आर्थिक लाभ म्हणून उतरवतात. परंतु परराज्यातल्या व्यापाऱ्याने घोडा विकून मिळवलेली रक्कम त्याच्याबरोबरच परत जाते. परिसरात राहतो तो जागेच्या भाड्याचा, चाऱ्याचा, जेवणाचा, मुक्कामाचा आणि गाडीभाड्याचा पैसा. स्थानिकांनी केलेला खर्चही या हिशेबात धरू नये, कारण तो त्यांनी एरवी परिसरातच केला असता. जो पाहुणा नातेवाइकांकडे येणारच होता आणि ज्याने केवळ मुहूर्त यात्रेचा साधला, त्याचा खर्चही वगळावा. उरलेला आकडा छोटा दिसतो, पण कोणी शंका घेतली तर त्याचेच समर्थन करता येते.

गर्दी आणि सुरक्षितता हा विषय पाठांतराचा नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत अडीचशेहून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. अरुंद वाट, तिच्या कडेला दाटलेली दुकाने आणि नारळाच्या पाण्याने निसरडी झालेली जमीन यांचा त्या दुर्घटनेशी असलेला संबंध प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती मुळातून वाचावी. शिवाय साधे गणित हाताशी असावे. ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार समपातळीच्या वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात असे धरतात. तीन मीटरच्या फाटकातून मिनिटाला सुमारे २४६, म्हणजे पाच हजार लोकांना वीस मिनिटे लागतील. आपल्याकडे कडेवर मूल, हातात पिशवी आणि पायाखाली खडबडीत जमीन असते, तेव्हा वेळ त्याहून जास्तच धरावा.

परवान्यांची यादी पोलिस, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, अग्निशमन, अन्न व औषध प्रशासन आणि वीज कंपनी यांच्याकडून प्रत्यक्ष विचारून करावी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मात्र तोंडपाठ हवेत: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला जाणाऱ्याने वेगळी काळजी घ्यावी. तो आदिवासींचा स्वतःचा विधी आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ नव्हे. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे आणि ‘अशा सोहळ्याला पर्यटन किती मानवते’ हाच अहवालाचा विषय करावा.

ज्यांना जत्रेऐवजी जुन्या कागदपत्रांत रमायला आवडते, त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन अभ्यासाला घ्यावे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झालेले हे अधिवेशन खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली होती. त्याच्या जोडीला अमळनेरचे फेब्रुवारी २०२४ मधील ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठेवले, तर लहान गावाने मोठा पाहुणचार कसा उभा केला याची तुलना चांगली होते.

प्रशिक्षणासाठी आयोजक संस्थेला पत्र देताना ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहू नये. वाहनतळ, मदतकक्ष, निवासव्यवस्था किंवा नोंदणी यांपैकी एक काम मागावे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. तेथे स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याने आपल्या जिल्ह्यातल्या यात्रेचे दोन्ही नकाशे आणि खर्चाचा तक्ता अर्जाला जोडावा.