सायकलला इंजिन किट लावताय? मागचं स्प्रॉकेट घाईत कसू नका

किटमधलं इंजिन बसवायला फार वेळ नाही लागत, खरा वेळ द्या मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला (इंजिनची चेन ज्यावर चढते ती दातेरी चकती), कारण ते जरा जरी वाकडं बसलं की चेन उतरते आणि तारांत अडकली तर मागचं चाक धावत्यात जाम होतं.

आधी सायकलवाल्याकडून चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, तारा ढिल्या असतील तर पुढचं सगळं फुकट. नेहमीच्या किटमध्ये ४४ दात्यांचं स्प्रॉकेट आणि ९ बोल्ट असतात, ते ३६ तारांच्या चाकासाठी. एक रबर तारांच्या आत, एक बाहेर, आतल्या रबरामागे लोखंडी पट्ट्या आणि बाहेरच्या रबरावर स्प्रॉकेट. बोल्ट आधी हातानेच लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे कसत जा, एकच बोल्ट पूर्ण कसला की स्प्रॉकेट एका बाजूला ओढलं जातं.

आता चाक फिरवा आणि फ्रेमला एक पेन बांधून त्याचं टोक दात्यांजवळ ठेवा. अंतर वरखाली झालं तर सेंटर चुकलंय, आतबाहेर झालं तर त्या बाजूचे बोल्ट बघा, आणि हे पूर्ण सरळ होईपर्यंत चेन चढवूच नका प्लीज.

किटचे नट मला अजिबात भरवशाचे वाटत नाहीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चांगले नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) मिळतात ते घ्या. रबर दबतं, म्हणून पहिल्या फेरीनंतर परत पाना लावाच, आणि पावसाळ्यात तर गंजही बघत राहा.