दोरीतील ताण म्हणजे टांगलेले वजन नव्हे

कप्पीच्या गणितात अनेकदा गुण ज्या चुकीमुळे जातात ती अशी, की टांगलेल्या वस्तूचे वजन हाच दोरीतील ताण असे गृहीत धरले जाते. वस्तू स्थिर असेल किंवा एकसमान वेगाने जात असेल तरच ते खरे असते.

घर्षणरहित टेबलावर 3 किलोग्रॅमचा ठोकळा आहे आणि कडेच्या हलक्या कप्पीवरून गेलेल्या दोरीला 2 किलोग्रॅमचा ठोकळा टांगला आहे, असे समजा. प्रत्येक ठोकळ्याची वेगळी आकृती काढावी आणि धन दिशा दोरीच्या कडेने, म्हणजे टेबलावर कप्पीकडे व टांगलेल्या बाजूस खाली, अशी घ्यावी. म्हणजे दोन्ही समीकरणांत त्वरणाचे चिन्ह एकच राहते आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. टेबलावरच्या ठोकळ्यासाठी ताण = 3 × त्वरण, तर टांगलेल्यासाठी, ज्याचे वजन 2 × 9.8 = 19.6 न्यूटन आहे, 19.6 − ताण = 2 × त्वरण. बेरीज करताच ताण नाहीसा होतो, त्वरण 3.92 मीटर प्रति सेकंद वर्ग येते आणि ताण 11.76 न्यूटन, म्हणजे 19.6 न्यूटन वजनापेक्षा बराच कमी. तो कमी आहे म्हणूनच तर ठोकळा खाली जातो!

उत्तर दुसऱ्या समीकरणात घालून पाहावे: 19.6 − 11.76 = 7.84, आणि 2 × 3.92 हेही 7.84 च. मात्र कप्पी स्वतः सरकत असेल, तर दोन्ही त्वरणे समान धरू नयेत. दोरीची एकूण लांबी कायम राहते, यावरून आधी त्यांचे नाते काढावे.