नवरा-बायकोचं भांडण रंगमंचावर कसं बसवावं

पर्वरीत आमची तालीम सुरू होते रात्री आठनंतर. पणजीतून सुटलेली माणसं मांडवीचा पूल ओलांडून घरी येतात, चहा घेतात, मग हॉलवर जमतात. या वेळचं नाटक जोडप्याचं आहे. वसाहतीतलं नीटनेटकं घर, नवरा नोकरीला, बायको घरी, बाहेरून सगळं छान आणि संसार मात्र आतून पोखरलेला. अशी नाटकं आपल्याकडच्या हौशी मंडळींना सोयीची वाटतात, कारण पात्रं कमी आणि नेपथ्य एकच. पण मी पाहिलेल्यांपैकी बरीच पडली ती भांडणाच्या प्रवेशात. दोघं पहिल्या वाक्यालाच वरच्या पट्टीत जातात आणि मग पुढे जायला जागाच उरत नाही.

हे माझ्याही नाटकात झालंय. एका स्पर्धेत आमच्या नायिकेचा आवाज दुसऱ्या अंकातच बसला. तिसऱ्या अंकात तिला तिचं खरं दुःख बोलायचं होतं, तिथे ती नुसते ओठ हलवत होती. चूक तिची नव्हती. सगळा जोर पहिल्याच भांडणात लावायला मी सांगितलं होतं.

तेव्हापासून वाचन झालं की हालचाली बसवण्याआधी मी कलाकारांना ‘रिव्होल्यूशनरी रोड’ हा २००८चा सिनेमा दाखवते. दिग्दर्शक सॅम मेंडिस, मुख्य भूमिकांत केट विन्स्लेट आणि लिओनार्दो डिकॅप्रिओ. रिचर्ड येट्सच्या ज्या कादंबरीवर तो आहे ती १९६१ची, आपला गोवा मुक्त झाला त्याच वर्षातली. काळ १९५५चा, जागा न्यूयॉर्कजवळचं कनेक्टिकट. नवरा फ्रँक रोज आगगाडीने शहरात जाऊन यंत्रं विकणाऱ्या कंपनीत मन नसलेली नोकरी करतो. त्याची बायको एप्रिल, तिला नटी व्हायचं होतं. सगळं सोडून पॅरिसला जायचं दोघं ठरवतात, आणि ते जाणं होत नाही.

दाखवण्याआधी शेवट सांगून टाका. एप्रिल घरातच, स्वतःच्या हाताने गर्भपात करून घेते आणि त्यात जाते. तेव्हा तिथे कायद्याने गर्भपाताला बंदी होती. मी हे आधी सांगितलं नव्हतं तेव्हा आमच्यातली एक जण मधेच उठून गच्चीत गेली आणि बराच वेळ आली नाही. कुणाच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. शेवट कळल्याने या सिनेमाचं काही बिघडत नाही.

एकदा सलग बघा, सुमारे दोन तास लागतात. मग दुसऱ्या दिवशी फक्त दोन प्रवेश पुन्हा लावा.

पहिला सुरुवातीचा. एप्रिलने काम केलेलं हौशी नाटक पडलंय आणि दोघं रात्री गाडीतून घरी परततायत. हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. देवळाच्या उत्सवातलं नाटक पडलं की मेकअप पुसताना कुणी कुणाकडे बघत नाही, ती रात्र आपण सगळ्यांनी काढलीय. तो समजूत काढत राहतो. तिला फक्त शांतता हवी असते. ती गाडीतून उतरते, तो मागे जातो. आवाज बंद करून हा तुकडा बघायला लावा आणि कोण कुणाकडे सरकतं, कोण मागे हटतं एवढंच कागदावर लिहायला सांगा. कलाकारांच्या लक्षात येतं की भांडण शब्दांआधी अंतरात सुरू झालेलं असतं.

इथेच आपली एक जुनी सवय मोडावी लागते. उघड्या मांडवात वर टांगलेल्या माइकखाली उभं राहून प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायची रीत आपल्या अंगात मुरलीय. त्या वेळी ती गरज होती. बंद नाट्यगृहात नवरा-बायको खांद्याला खांदा लावून प्रेक्षकांना भांडण सांगू लागले की ते भाषण होतं. एकाला बसवा, दुसऱ्याला त्याच्या पाठीमागे काम द्या. तोंड दिसलं नाही तर आवाज पोचणार नाही म्हणून नट घाबरतात. पोचतो. हॉलच्या शेवटच्या खुर्चीत बसून तुम्ही स्वतः ऐका आणि त्यांना सांगा.

आता भाषेचं. आपण नाटक मराठीत करतो, वाचतो-लिहितो मराठीत, पण बहुतेकांच्या घरातलं भांडण कोंकणीतच होतं. म्हणून संहिता हातात असताना राग छापील येतो. यावर मला सापडलेला उपाय असा: संहिता बाजूला ठेवायची आणि तोच प्रवेश दोघांना कोंकणीत, स्वतःच्या शब्दांत करायला लावायचा. फोनवर तो टिपून घ्यायचा. गेल्या आठवड्यात आमच्या नटाने विचारलं, “तुका कितें जाय?”, म्हणजे तुला काय हवंय? नायिका काही क्षण गप्प राहिली आणि अगदी हळू म्हणाली, “म्हाका कांयच नाका.” मला काहीच नको. हॉलमध्ये बसलेले सगळे एकदम स्तब्ध झाले. संहितेत तिथे चार ओळींचं उत्तर होतं आणि ते ती आठवडाभर ओरडून म्हणत होती. मग मी ते टिपण परत परत ऐकवलं आणि तोच श्वास, तोच थांबा घेऊन मराठी ओळी म्हणायला सांगितल्या. लेखकाच्या परवानगीने चारातल्या दोन ओळी आम्ही गाळल्या.

दुसरा प्रवेश शेवटाकडची न्याहारी, आणि याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आदल्या दिवशी दोघांमध्ये अतिशय वाईट भांडण झालेलं आहे. सकाळी ती शांतपणे टेबल मांडते, त्याला खायला करते, त्याच्या कामाबद्दल विचारते. तो खूश होऊन कागदावर कॉम्प्युटरचं चित्र काढून समजावतो. एकही शब्द कडू नाही, आणि बघताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं खरं भांडण हेच आहे, कारण आता तिने भांडणंच सोडून दिलंय. फ्रँकला ते दिसत नाही आणि आपल्याला दिसतं.

हे रंगमंचावर आणायचं तर पात्राच्या हाताला खरं काम द्या. आम्ही आमच्या नायिकेला आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर बसवलं आणि हातात नारळाची कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग दिला. नारळ खवताना पाय घट्ट रोवावा लागतो आणि नजर पात्यावर ठेवावी लागते, नाहीतर बोट कापतं. म्हणजे नवऱ्याकडे न बघायला तिला खरंखुरं कारण मिळालं. खवण्याचा तो खरखर आवाज एका लयीत चालू राहतो. तो म्हणतो, “पुढच्या वर्षी बघू.” लय थांबते. तिने मान वर करायची नाही, कवड फक्त थोडी फिरवायची आणि पुन्हा खवायला लागायचं, आधीपेक्षा किंचित हळू. हे बसवायला आम्हाला चार रात्री लागल्या. खोबरं खरंच पडलं पाहिजे. रिकाम्या कवडीवर हात फिरवला की पहिल्या रांगेतल्या बायकांना लगेच कळतं.

पार्श्वसंगीत तिथे अजिबात नको. प्रवेश सकाळचा असेल तर लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों एकदा येऊ दे, पुरे.

हात उगारण्याचा प्रसंग संहितेत असेल तर दोघांमधलं अंतर खडूने जमिनीवर आखा आणि प्रयोगापर्यंत ते बदलू नका. रागाच्या भरात ऐन वेळी काही सुचलं तरी हात नेमलेल्या जागीच थांबला पाहिजे. एप्रिलवरचा राग फ्रँक गाडीवर मूठ आपटून काढतो, ते बघताना आपण जास्त दचकतो. आमच्या नाटकात ती मूठ फ्रिजच्या दारावर बसते.

आणि तालीम संपली की दोघांना एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायला लावा, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगातलं सामान, दोघांनी मिळून आवरायची. दीड-दोन तास एकमेकांना टोचून बोललेली माणसं तशीच घरी जाता कामा नयेत. आमच्याकडे तो आदोळी धुतो, ती खोबरं डब्यात भरते. दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात जातं, आणि रविवारच्या तालमीला त्यातली एक वाटी त्याच्यासाठी येते.