जनऔषधी केंद्रात गोळ्या घेताना या चुका टाळा

जनऔषधीत "ही गोळी नाही" ऐकून परत येणारे खूप जण दिसतात आणि मग तेच सगळीकडे सांगतात की तिथे काही मिळत नाही. बऱ्याचदा गोळी असते, आपण ब्रँडच्या नावाने विचारलेलं असतं. तिथे आतल्या औषधाच्या नावानेच गोळ्या येतात (यांनाच जेनेरिक म्हणतात), म्हणून बीपीची टेल्मा ४० नाही, टेल्मिसार्टन ४० एमजी मागा. हे नाव जुन्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं, घरून निघतानाच मोबाईलवर फोटो काढून घ्या. महिन्याचा बीपी-शुगरचा खर्च निम्म्याहून खाली येतो हो, एवढे कष्ट घ्याच.

आता खरा घोळ होतो तो इथे. पट्टीवर दोन औषधं लिहिली असतील तर दोन्ही वाचा. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ अशी एकत्र गोळी चालू असताना नुसतं टेल्मिसार्टन घेऊन आलात तर बीपी वाढणार आणि बदनाम होणार जेनेरिक. शुगरचंही तसंच, मेटफॉर्मिन ५०० वेगळी आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर वेगळी, एसआर पोटात हळूहळू सुटते म्हणून ती कुटून द्यायची नाही (आजोबांना गिळता येत नाही म्हणून घरोघरी सर्रास कुटतात, त्यापेक्षा डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या).

सगळ्यात धोक्याचं म्हणजे जुनी ब्रँडेड गोळीही चालू आणि जनऔषधीचीही चालू. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हाताऱ्या माणसांना वाटतं दोन औषधं आहेत. शुगरचं ग्लिमेपिराइड असं डबल गेलं तर शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. नवी पट्टी घरात आली की जुनी डब्यातून काढाच.

अर्धी पट्टी घेताना एक्सपायरीचा तुकडा दुकानातच राहतो, तारखेचा फोटो काढा. बिल घ्या.

स्टॉक संपलेला असतो हेही खरंय, म्हणून शेवटची पट्टी फोडली की लगेच जा, जनऔषधी सुगम अ‍ॅपवर जवळची केंद्रं आणि किमती दिसतात. तरीही नाहीच मिळाली तर गॅप पाडू नका, तेवढ्यापुरत्या दोन-चार गोळ्या नेहमीच्या मेडिकलमधून घ्या.