भवळ गेली ती व्यायामानं

कानाच्या आतल्या बॅलन्सच्या नसेला सूज येऊन गेली, मोठी गरगर थांबली पण डोकं फिरवलं की भिंत सरकल्यासारखी वाटायची, अन् लातूरच्या गंजगोलाई चौकातल्या बाजारात तर 16 रस्त्यांची गर्दी एकदमच अंगावर आल्यासारखी. कान-नाक-घसावाले डॉक्टर म्हणले, चक्करच्या गोळ्या सुरुवातीपुरत्याच, लई दिवस घेतल्या तर मेंदू नवीन बॅलन्स शिकायला उशीर लावतो, फिजिओकडं जा.

मला वाटलं मशीन लावतील. कसलं मशीन! भिंतीवर डोळ्याच्या लेव्हलला एक अक्षर चिकटवायचं, हातभर लांब थांबून नजर त्याच्यावरच ठेवायची अन् मान डावी-उजवी, मग वर-खाली हलवायची. अक्षर पुसट दिसायलं की स्पीड कमी, स्पष्ट दिसायलं की वाढवायचा. मिनिटभर, दिवसातून तीन-चारदा. थोडी भवळ येतेच अन् यायलाच पाहिजे, चूक कळल्याशिवाय मेंदू सुधरत नाही, पण ती लवकर बसली पाहिजे, तासभर राहिली तर जास्त झालं समजायचं. मग घडी घातलेल्या गादीवर पाय जुळवून उभं राहणं, नंतर डोळे मिटून, तेही कोपऱ्यातच अन् समोर खुर्ची ठेवून. आई बघून म्हणायची, "लेकरा, हे काय करायलास?"

कूस बदलल्यावर काही सेकंदच गरगरत असेल तर ते वेगळं, कानातले कण सरकलेले असतात, त्याला एपली करतात, म्हणजे डोकं ठराविक पद्धतीनं फिरवून ते कण जागेवर आणतात. बोलणं अडखळायलं किंवा एक बाजू लुळी पडली तर सरळ हॉस्पिटल गाठा.

गोलाईत आता निवांत भाजी घेतो, अंधारात मात्र अजून भिंतीला हात लागतोच.